भागोजीचा हात

गावभर मतं आम्हाला जास्त पडली आणि सरपंच सयाजी झाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काय होणार म्हणून कोणी ताटकळत बसायला नको. ताटकळायचं काम आम्ही केलं.

आमचं गाव बिरवाडीपासून पायी तासाभरावर. बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. आम्ही त्याला वहाळ म्हणतो. काठावर आमची विहीर आहे. ती सरकारने दिलेली नाही आणि गावाने तर नाहीच नाही. छप्पन साली देव सोडले, त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत माझ्या बापाने आणि सोमाकाकाने ती खणली. आईने दगड डोक्यावरून वाहिले, तेव्हा मी तिच्या पोटात होतो. बाप गेला. विहीर आहे. आई अजून रोज पहिली कळशी स्वतः काढते, दुसऱ्या कोणाला काढू देत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली महाडच्या औद्योगिक वसाहतीबाहेर एक रंगाचा कारखाना येऊ घातला होता. त्याला आपलं घाण पाणी सोडायला जागा हवी होती. महाड तालुक्यात एवढे ओढे, पण त्यांच्या नकाशावर बोट ठेवलं ते आमच्या वहाळावर, विहिरीच्या पन्नास पावलं वर. पाइप गावाच्या जमिनीतून न्यायचा तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागतो. सयाजी सरपंच झाला तर दाखला देणार, कारण चर खणायचं काम त्याच्या पोराला मिळणार होतं. सोमाकाका झाला तर देणार नाही. निवडणूक एवढीच होती. विकास, एकोपा वगैरे भिंतींवर लिहायला.

सरपंच लोक निवडत नाहीत. लोक सात सदस्य निवडतात, आणि ते सात जण एका खोलीत बसून सरपंच निवडतात. गावठाणातले तीन, खालच्या आळीतले दोन, आमच्या वाडीतले दोन, त्यातला एक सोमाकाका. आमच्या वाडीत शंभरातली पंच्याण्णव मतं आमच्या बाजूला पडली. आजारी म्हातारी माणसं खाटेवरून आणली. गावठाणात आम्ही तिन्ही जागा हरलो, पण दहा-अकरा मतांनी. खालच्या आळीतल्या दोन्ही जिंकल्या: एक गोमाजी गवळी आणि दुसरा भागोजी. भागोजी सयाजीच्याच जातीचा, पण त्याचं खाचर वहाळाला लागून, पाइपाच्या खाली. भात त्याचंही जाणार होतं, म्हणून तो आमच्याकडे आला होता. चार विरुद्ध तीन.

मोजणी झाली त्या संध्याकाळी आमच्या अंगणात बैठक भरली. सोमाकाका बोटांवर आकडे घालत होता.

"जान्या, गावाची सगळी मतं एका ढिगात टाकली तर आपन सव्वाशेनी पुढं हाय. मग एकाच माणसाचा फरक कसा काय?"

मी आदल्याच आठवड्यात महाडच्या वाचनालयात बसून अमेरिकेच्या निवडणुकीवरचा लेख वाचला होता. तिथेही त्याच महिन्यात मतदान झालं होतं. मी सातवी नापास माणूस, वसाहतीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर पाळीने जातो. पण वाचलेलं मला पचत नाही, सांगावंच लागतं. मी खडे घेऊन जमिनीवर मांडले.

"अमेरिकेतपन असंच हाय, काका. तिथला राष्ट्राध्यक्ष लोक थेट निवडत नायत. पन्नास राज्यं. एकेका राज्याला निवडणारे ठरलेले. मोठ्या राज्याला जास्त, बारक्याला कमी, पन कितीबी बारकं असलं तरी तीन असतातच. सगळे मिळून पाचशे अडतीस. ज्याच्याकडं दोनशे सत्तर, तो राष्ट्राध्यक्ष. आनि ज्या राज्यात एक मत जास्त पडलं, त्या राज्याचे जवळजवळ सगळीकडं समदेच्या समदे निवडणारे त्याचे. दुसऱ्याची लाखानी मतं असली तरी ती मातीत."

"म्हनजे आपल्या वाडीनं शंभरातली पंच्यान्नव दिली," काका म्हणाला, "त्यातली एक्कावन पुरली असती. वरची चव्वेचाळीस फुकट गेली."

"फुकटच. तीच गावठानात असती तर सयाजी आडवा झाला असता."

"अरे तिच्या! म्हनजे अमेरिकेतबी गावठान हाय!"

सगळे हसले. मीही हसलो. सांगितलं की बरोबर शंभर वर्षांमागे, अठराशे अठ्ठ्याऐंशी साली, तिथे नव्वद हजार मतं जास्त मिळवलेला माणूस हरला होता. त्याच्या आधी बारा वर्षं तर एका निवडणाऱ्याच्या फरकाने राष्ट्राध्यक्ष ठरला, तोही दोन पक्षांनी आपसात सौदा करून, आणि त्या सौद्यात दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या राखणीला ठेवलेलं सैन्य काढून घेतलं. पुढे कित्येक वर्षं त्यांना मत टाकू दिलं नाही. हे ऐकल्यावर कोणी हसलं नाही.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. काशीबाई तिचं नाव. तिने मान वर न करता विचारलं, "आनि तो मधला मानूस फिरला तर?"

"कोन मधला?"

"तोच रे. लोकानी ज्याच्या हातात मत दिलं तो. त्यानं दुसऱ्यालाच दिलं तर?"

"त्याच्याकडून आधी लिहून घेतात, आये. पुष्कळ ठिकानी."

"लिहून," ती म्हणाली. तांदळातला खडा फेकला.

पण माझ्या डोक्यात ते बसलं. सरपंचाच्या निवडीला अजून तीन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी मी वहीच्या कागदावर चांगल्या अक्षरात मजकूर लिहिला: मी खाली सही करणार, सरपंचपदासाठी सोमा यांनाच मत देईन, असे लिहून देतो. भागोजीला निरोप धाडला.

तो दुपारी आला. अंगणात उभा राहिला. आईने घोंगडी टाकली, तो बसला नाही. मी पाण्याचं विचारलंच नाही. तीस वर्षांत तो आमच्या घरी पाणी प्यायलेला नव्हता. माणूस वाईट नव्हता. आमच्या पोराला साप चावला तेव्हा त्याने स्वतःच्या बैलगाडीतून बिरवाडीला नेलं. पण पाणी नाही.

"सोमा," तो म्हणाला. सोमाकाका त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा, तरी नुसता सोमा. "तुमाला माझ्यावर भरोसा नाय?"

"भागोजीदादा, भरोसा हाय. पन सयाजी गप बसनार नाय."

"मग असं करा. चला देवळापाशी. तुमी पायरीच्या खाली उभं ऱ्हावा, मी बेलभंडारा उचलतो. देवाम्होरं. मग तर झालं?"

बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवासमोर वाहिलेली शपथ. ती मोडली तर घर बुडतं, असं ही माणसं मानतात. आणि मी काय बोललो? मला शब्द न् शब्द आठवतो.

"तुझ्या देवाची जामीनकी आमाला नको. आमी त्याला सोडून बत्तीस वर्षं झाली. आनि पायरीच्या खाली उभं ऱ्हायला आमी काय चपला हाय? कागदावर सही कर. अमेरिकेत करतात."

"जान्या," आई म्हणाली, "घे की त्याची शपथ. देव आपला नाय, पन त्याचा तर हाय ना?"

"तू गप गो आये."

भागोजीने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उभ्या उभ्याच, माझी वही खांबाला टेकवून, सही केली. वळणदार. चौथी शिकलेला होता.

मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? एका कुणब्याकडून, देव बाजूला ठेवून, नुसत्या अक्षरावर शब्द घेतला. हे माझ्या बापाला जमलं नसतं, असं मनात आलं. असलं मनात येतं तेव्हाच माणूस मरतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निवड होती. शाळेच्या खोलीत सात जण आत, तालुक्याहून आलेला अधिकारी खुर्चीवर, आम्ही बाहेर खिडक्यांना लोंबकळलेले. अधिकाऱ्याने विचारलं, "कोणाला गुप्त मतदान हवं आहे का?" सयाजीची माणसं गप्प. आमच्या दोघांनीही मान हलवली, नको. मीच तसं शिकवून ठेवलं होतं. आम्हाला भागोजीचा हात दिसायला हवा होता.

"सोमा यांच्या बाजूने?"

आमच्या वाडीचे दोन हात. गोमाजी गवळ्याचा एक. भागोजी जमिनीकडे बघत बसलेला. अधिकारी थांबला. मी खिडकीतून ओरडलो, "भागोजी!" शिपायाने खिडकीवर काठी आपटली.

"सयाजी यांच्या बाजूने?"

भागोजीचा हात वर गेला. हळू गेला, कोपरात वाकलेला, दुखऱ्या हातासारखा. पण गेला. हात मोजताना वाकलेला आणि सरळ असं काही नसतं.

बाहेर फटाके वाजले. आणून ठेवलेलेच होते. मी कागद घेऊन भागोजीला वडाखाली गाठलं.

"ही सही कोनाची हाय? सांग. कोनाची?"

"माझी."

"मग?"

"परवा रात्री सयाजीनं देवळात नेलं. दोन्ही पोरं संगती आनली माझी. बायकोला, तुळजाला बी. पोराच्या डोक्यावर एक हात ठेवायला लावला आनि दुसऱ्यात भंडारा दिला." तो माझ्याकडे बघत नव्हता. "जानू, कागद फाडला तर कागद फाटतो रे. तो पोरगा हाय माझा."

"तुझं खाचर जाईल, येड्या! पाइप तुझ्याच बांधावर येतोय!"

"जाईल."

"आनि आमची विहीर?"

तो जायला वळला. मग म्हणाला, "मी तुमाला आधी दिली होती शपथ. तुमीच घेतली नाय." आणि गेला.

मी कागद घेऊन महाडला कचेरीत गेलो. कारकुनाने दोनदा वाचला, मग शेजारच्याला दाखवला. दोघे हसले. वाईट नाही हसले, पोराने चित्र दाखवल्यावर हसतात तसे. "अहो, सदस्याने कोणाला मत द्यायचं ते सदस्य ठरवतो. असलं लिहून घेतलेलं कुठे चालतं? ठेवा घरी जपून."

जानेवारीत वाचनालयात पुन्हा गेलो. अमेरिकेची बातमी चार ओळींची होती. आमच्या शाळेत हात वर झाले त्याच आठवड्यात तिथले निवडणारे आपापल्या राज्यात मतं द्यायला जमले होते. त्यातल्या एकाने ठरल्याप्रमाणे दिलं नाही, राष्ट्राध्यक्षाच्या जागी दुसऱ्याचंच नाव घातलं. तिथेही कोणी काही करू शकलं नाही. निकालाला त्याने फरक पडणार नव्हता, म्हणून कोणाला पर्वाही नव्हती. मी पेपर घडी करून ठेवला. इतक्या शहाण्या लोकांनी दोनशे वर्षं चालवलेली रीत, आणि मधल्या माणसाला बांधायची दोरी त्यांच्याकडेही नाही. सयाजीकडे होती. ती मला पायरीच्या खाली उभं राहून फुकट मिळत होती.

कितीदा विचार केला, राहायला हवं होतं का उभं? माझ्याच्याने अजून हो म्हणवत नाही. नाहीही म्हणवत नाही.

ना-हरकत पहिल्याच सभेत मंजूर झाली. चर उन्हाळ्यात खणला गेला. कोणी खणला? आमच्याच वाडीच्या पोरांनी. रोज चांगला देत होते. मी त्यांना शिव्या घालायला गेलो, तर सोमाकाकाचा नातू मोरू पहार टेकून म्हणाला, "काका, तू कारखान्यात पाळीवर जातोस तेव्हा तिथलं पानी कुठं जातं रे?" मी तसाच घरी आलो.

पावसाळा गेला तोवर कळलं नाही. दिवाळीनंतर वहाळ तांबूस वाहू लागला. मग एका सकाळी आईने पहिली कळशी काढली, नाकाशी नेली आणि काठावर ओतली. दुसरी काढली, तीही ओतली. तिसरी. मी जाऊन रहाटाचा दोर तिच्या हातातून सोडवला तेव्हा तळहात सोललेले होते. तेव्हापासून बायका मैलभर वर जातात, गावठाणाच्या नळावर, आणि सगळ्यांचं भरून होईपर्यंत लांब थांबतात. एकोणीसशे एकोणनव्वद साली. महाड तालुक्यात.

माघात भागोजी आला. त्याचं खाचर खालच्या अर्ध्यात काळं पडलं होतं, ते आम्ही येता-जाता बघत होतो. तो अंगणात उभा राहिला. आईने सवयीने घोंगडी टाकली. या खेपेला तो बसला. गुडघे जवळ घेऊन.

मग म्हणाला, "काशीबाय, पानी दे गो जरा."

आई आत गेली. मला वाटलं, आणते. मडक्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, पुन्हा ठेवल्याचा आला. ती दारात आली तेव्हा हात रिकामे होते.

"नळाला आज आमची पाळीच आली नाय," ती म्हणाली. "इहिरीचं हाय. देऊ?"