वर जाऊन आलेला माणूस

आमचे हे वर जाऊन आले, ही बातमी भिगवणला माझ्या आधी पोहोचली. मी अजून बारामतीच्या दवाखान्यातच होते. मासळी बाजारात लिलाव चालू असताना ह्यांनी छातीला हात लावला आणि चिलापी माशांच्या ढिगाशेजारीच आडवे झाले. दवाखान्यात हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी झटके देऊन पुन्हा चालू केलं. घरी आणलं तर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. हातात शहाळं आणि तोंडात एकच प्रश्न, "रसूलभाई, काय दिसलं वो तितं?"

आधी हे नुसते हसले. मग म्हणाले, उजेड दिसला. आठवडा सरेपर्यंत बाग झाली, कारंजी झाली. तक्क्याला टेकून असं रंगवून सांगायचे, की सासुरवाडीचा पाहुणचार घेऊन आलेत असं वाटावं.

शेजारच्या द्वारकाबाईंनी त्यांच्या वारलेल्या मालकांची चौकशी केली. "बरे हायत," हे म्हणाले, "दमा पार गेलाय." बाई डोळे पुसत पण हसत घरी गेल्या.

मग ह्यांचे दोस्त हिंदुराव आले. त्यांचं सगळं रान उसाचं. "तितं पन ऊसच हाय का?"

"हाय की. तुमचे आबा बांधावर बसलेत. म्हनले, हिंदूला सांग, पानी लई देतोयस."

हिंदुरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "आबाच ते," म्हणाले.

मला आधी हसू यायचं, नंतर राग यायला लागला. ह्यांना तिथं माझ्या सासूबाई, अम्मी भेटल्या, अम्मींच्या हातची खीर मिळाली, अर्ध्या गावाचे मेलेले भेटले. आणि जिला मागं टाकून निघाले होते तिचं नाव एकदाही नाही. मी दवाखान्याच्या दाराशी रडत दुआ मागत होते. हा माणूस माझ्यासाठी परत आला, की खीर संपली म्हणून? ते कळल्याशिवाय मला घास गोड लागेना.

एका दुपारी कोणी नव्हतं. मी चहाचा कप ह्यांच्यासमोर आदळला.

"खरं सांगा. माझी आठवन झाली व्हती का न्हाय?"

ह्यांनी कप बाजूला सारला. "सायरा, बाग-बिग काय न्हाय. लोक आशेनं येत्यात, त्यास्नी रिकामं कसं धाडायचं?"

"मंग काय व्हतं?"

"लिलाव. ढिगात मीच पडलेलो, गार, वल्ला. पुकारा चाललेला, गिऱ्हाइकं वाकून बघत्यात. तेवढ्यात तू आलीस पदर खोचून. मला दंडाला धरून बाजूला काढलंस आन् म्हनलीस, ह्यो विकायचा न्हाय, ह्यो घरचा हाय."

आमच्या धंद्यात ढिगातला एखादा चांगला मासा घरासाठी बाजूला काढतात. एकदा 'घरचा' म्हटलं की कितीही मोठा व्यापारी असो, त्यावर बोली लावत नाही.

मला रडू फुटलं, आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो.

"मंग ह्ये लोकास्नी का न्हाय सांगत?"

"काय सांगू? वर गेलो, तर तितनं पन बायकोनं दंडाला धरून आनलं?"

मी रडता रडता हसले. बाहेर चपला वाजल्या, कोणीतरी ह्यांना हाक मारली. मी दार किलकिलं केलं, "झोपलेत," म्हटलं आणि कडी लावून ह्यांच्याशेजारी येऊन बसले.