गुनवोरबाईंची आकडे दाखवणारी डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. तळहातावर मावणारी, बटणांची. पोटात बँकेचं कार्ड सरकवून गुप्त अंक दाबले, की मी नवे आकडे दाखवते. ते संगणकात भरले की खातं उघडतं. आकडे कोणाला हवे आहेत, हे मला दिसत नाही.

शेवटच्या चांगल्या दिवशी, स्वीडनमधल्या हेर्नेसांद गावी, गुनवोरबाईंच्या स्वयंपाकघरात दालचिनीच्या पावांचा वास होता. शेजारचा सिक्स्तेन कॉफीला आला होता आणि बाई माझ्या मदतीने विजेचं बिल भरत होत्या.

"नवऱ्यापेक्षा ही डबी बरी ऐकते तुझं," तो म्हणाला.

"त्याला बटणं नव्हती ना," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. जुन्या वळणाप्रमाणे बाईंनी उचलताच आपलं नाव सांगितलं, "गुनवोर लिंदमार्क." पलीकडचा तरुण म्हणाला, तो बँकेतून बोलतोय. त्याला त्यांचा पत्ता ठाऊक होता, वाढदिवससुद्धा. आमच्याकडे हे इंटरनेटवर कुणालाही सापडतं, पण बाईंना वाटलं, बँकेखेरीज कोणाला माहीत असणार? चोर या घटकेला तुमच्या खात्यात शिरतायत, तो सांगत होता, त्यांना अडवायला डबीवरचे आकडे हवेत. बाईंनी चष्मा लावला आणि वर्गात कविता म्हणावी तसा एकेक आकडा वाचला. मग म्हणाल्या, "बोलून बोलून घसा सुकला असेल. कॉफी तरी घेतलीत का?"

"तुम्ही विचारलंत, बरं वाटलं," तो म्हणाला. "आता शेवटचं एकदा वाचा."

खातं रिकामं झालं. आकडे तुम्हीच दिलेत, तेव्हा भरपाई नाही, असं बँकेने कळवलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि मिटवून टाकली. लेक सोल्वेग स्टॉकहोमहून आली. तिने मला उचलून आईसमोर आपटलं.

"लहान पोरंसुद्धा असं करत नाहीत, आई. इतकी कशी गं मूर्ख तू?"

बाईंनी मला फडक्याने पुसलं आणि खणात ठेवलं.

त्यानंतर त्यांनी फोन उचलणं सोडलं. वाजला की हात मांडीवर ठेवून बसत. एका रविवारी छातीत कळ आली, तेव्हाही त्या फोनशेजारीच बसल्या होत्या. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. सोल्वेगच होती. पण कोण फोन करतंय हे दाखवायची सोय त्या फोनला नव्हती. आई रुसली असेल, असं समजून तिने नाद सोडला. सकाळी सिक्स्तेनला बाई खुर्चीतच गेलेल्या सापडल्या.

मित्रांनो, माझे आकडे कुणालाही वाचून दाखवू नका. आणि घरात कुणी दाखवलेच, तर त्याच्यासमोर मला आपटू नका. चोराने ठेवलेलं थोडंफार असतं, तेही मग उरत नाही.

घर आवरताना फोन वाजला. सोल्वेगने उचलला आणि आईसारखंच म्हणाली, "लिंदमार्क."

"गुनवोरबाई ना? मी बँकेतून बोलतोय," एक मऊ आवाज आला. "डबी जवळ आहे का तुमच्या?"

सोल्वेगने उघड्या खणात माझ्याकडे पाहिलं.

"माझी आई मूर्ख नव्हती," ती म्हणाली. "ती सगळ्यांना कॉफी विचारायची. तिला कुणी विचारत नव्हतं. मीसुद्धा नाही."

पलीकडे फोन केव्हाच ठेवला गेला होता. तिने मात्र ठेवला नाही.

"आई," ती म्हणाली, "तू मूर्ख नव्हतीस गं."