वीतभर धावदोरा

मनोहरराव मास्तरांच्या विमानाचा पंख गायीनं खाल्ला, यावर नागपूरच्या धंतोलीत कोणी विश्वास ठेवेना. पण खरं सांगायचं तर चूक गायीची नव्हतीच. चित्रकला शिकवणाऱ्या या गृहस्थांनी दोन वर्षं खपून, जुन्या मोटारसायकलचं इंजिन बसवून, अंगणात एका माणसापुरतं विमान उभं केलं होतं. पंखाचं कापड ताठ व्हावं म्हणून लावायचं विलायती रोगण मुंबईहून आलंच नाही, तेव्हा त्यांनी डोकं चालवलं आणि भाताची खळ चोपडली. कापड मस्त ताणलं गेलं. शनिवारी सकाळी बघतात तर शेजारच्या गिरिधरची गाय समाधानानं रवंथ करत बसलेली आणि डाव्या पंखाला हे मोठं भगदाड!

रविवार हातचा गेला तर सगळंच मुसळ केरात. मालगुजार महादेवरावांनी उड्डाणासाठी दिलेल्या शेतात सोमवारपासून वखर चालणार होता. मास्तरांनी नवं कापड कापलं, सुई घेतली आणि पंखाच्या लाकडी फासळ्यांना ते शिवायला बसले. दुपारपर्यंत काम उरकलंही.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई रुखमाबाईंना घेऊन आल्या. रुखमाबाई इतवारीतल्या कोष्टीण. सारा जन्म मागावर गेलेला, आता घरोघरच्या लुगड्यांना रफू करायच्या. त्यांनी मास्तरांची शिवण निरखली, एक टाका तोडला आणि दोरा ओढला. सगळी शिवण भराभर उसवली.

"रुखमाबाई, हे काय करून राहिल्या तुमी?" मास्तर ओरडलेच.

"मी कुठं केलं जी? तुमच्या धावदोऱ्यानं केलं. एक टाका तुटला का साराच जाते. लुगडं फाटलं तर बाई पदर सावरून घरी येते. तुमी आभाळातून कसे यान?"

मास्तरांना राग आला. दोन वर्षं राबलेल्या माणसाला कोणी शिवण शिकवावी, हे त्यांना रुचलं नाही. तरी त्यांनी सुई पुढं केली. रुखमाबाई शिवू लागल्या. दर टाक्याला गाठ, गाठ नखानं ओढून बघायची, मगच पुढचा टाका. दिवस कलला तेव्हा पुढच्या कडेची वीतभर जागा उरली होती.

"उद्या उजाडता येतो. तोवर हात लावू नका," सांगून त्या घरी गेल्या.

पण खळ रातोरात वाळायला हवी होती. मास्तरांनी उरलेला वीतभर धावदोरा पाच मिनिटांत घातला, वरून पट्टी चिकटवली आणि खळ फासली. सकाळी रुखमाबाईंनी विचारलं, "गाठी मारल्या ना?"

"मारल्या," मास्तर म्हणाले.

महादेवरावांच्या शेतातून विमान उडालं. कडुनिंबाच्या शेंड्यावरून गेलं तेव्हा मास्तर एकटेच मोठ्यानं हसले. आणि मग डावीकडून फडफड ऐकू आली. पट्टी उडाली होती, टाके एकामागून एक सुटत होते. वारा कापडात शिरून ते फुगवत होता. मास्तरांना खाली रुखमाबाईंजवळ उभ्या प्रेमिलाबाई दिसल्या, पदर तोंडाशी धरलेल्या. आपण खोटं बोललो, एवढं एकच त्यांच्या मनात आलं.

वीतभर उसवलं आणि थांबलं. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. खरंच थांबलं होतं. कापड धडपडत होतं, पण पुढं फाटत नव्हतं. मास्तरांनी श्वास रोखून विमान खाली आणलं. ते ढेकळांवर आदळत, उड्या मारत कसंबसं उभं राहिलं.

दोघी धावत आल्या. रुखमाबाईंनी आधी पंख पाहिला.

"हा वीतभर माह्या हातचा नाही."

"नाही. माझा आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो, बाई." मास्तर विमानातून उतरले. "तुमच्या पहिल्या गाठीनं मले परत आणलं. हे उपकार मी कसे फेडू?" ते वाकून पाया पडू लागले.

"बाप्पा! पाया काहून पडून राहिले?" रुखमाबाई मागं सरकल्या. त्यांनी कमरेच्या चंचीतून सुई काढली, दोरा ओवला आणि मास्तरांच्या हातात दिली. "बसा खाली."

मास्तर ढेकळांत मांडी घालून बसले. टाका घातला, गाठ मारली. रुखमाबाईंनी ती नखानं ओढून पाहिली.

"हं. आता दुसरी."