डॉक्टरांची उतरंड

माह्या भावानं, सहदेवनं, सकाळपासून लोखंडाच्या पेटीवर बूड टेकवलं होतं अन् उठाचं नाव घेत नव्हता. पेटीत त्याच्या पोरीचे, शीलाचे, सारे कागद. बारावीचा निकाल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, सारं. किल्ली सहदेवच्या खिशात. अन् शीलाले उद्या नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात हेच कागद घेऊन हजर व्हाचं होतं, नाहीतं तिची सीट दुसऱ्याले जानार होती.

मले दिलं हाय वडनेर भोलजीले. प्रेमलाचा, म्हंजे भावजयीचा फोन आला, "बाई, तुमचा भाऊ बह्याडावानी करून राह्यला, या लवकर." मी पहिल्या गाडीनं निघाली. झड लागलेली, मोताळ्यापासून आमच्या गावापर्यंत नुसता काळा चिखल. चपला हाती घेऊन घरात शिरली तं हा पेटीवर बसून, मांडीवर ताट घेऊन जेवून राह्यला होता.

"काय बे सहदेव, अंडे उबवून राह्यला काय?" म्या म्हनलं.

"बाई, तू मधात पडू नको."

"मधात पडाले तं आली मी. नाहीतं तिकडं माहं निंदन पडलं होतं."

शीला दाराशी बॅग भरून उभी. कपडे बॅगीत, कागद पेटीत. पोट्टी रडत नव्हती, पन ओठ असा दाबून धरला होता का पाहवत नव्हतं. म्हने, "आत्या, चारची बस गेली तं मलकापूरची रेल्वे जाते. रेल्वे गेली तं सारंच गेलं."

आता आमचा सहदेव कोन, हे सांगते. मोताळ्याच्या एका शाळेत कारकून हाय अन् वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष हाय. जयंतीले माईक त्याच्या हातून कोनी काढून घेऊ शकत नाही. दर साली भाषन करते, पोरीयले शिकवा म्हन्ते, लोकं टाळ्या वाजवते, घसा बसते, प्रेमला हळदीचं दूध देते. असा मानूस पोरीच्या सीटवर स्वतः बसून राह्यला होता.

शीलानं नीटची परीक्षा देली होती. मार्क चांगले पडले, पन एम्बीबीएसले थोडे कमी. तिनं आधीपासूनच ठरवलं होतं, ढोरायची डॉक्टर होईन. विद्यापीठाचा वेगळा फारम भरला, याद्या लागल्या, पहिल्या फेरीत नाव नव्हतं, दुसरीत आलं. सरकारी कॉलेजात, गुनवत्तेवर. साडेपाच वर्साचा कोर्स. आपल्या वस्तीतून असं पहिल्यांदाच झालं होतं.

पन गावात बातमी गेली अन् सल्ले सुरू झाले. ज्यायनं जनमात सलाईन लटकवली नाही, ते सांगाले लागले का कोनता डॉक्टर भारी. एक म्हने, एक साल थांबव, कोट्याच्या क्लासले पाठव. दुसरा म्हने, दाताचा कर. शेजारची तानुबाई म्हने, नर्सिंग कर माय, पगार लवकर येते. कोनी म्हने, ढोराचंच कराचं होतं तं दहावीवर डिप्लोमा करून पशुधन पर्यवेक्षक झाली असती, एवढी मगजमारी कायले. मी म्हन्ते, या देशाच्या लोकायले दोन मानसं देले तरी त्यायच्यात उतरंड लावतात. डॉक्टरायतबी लावली. सगळ्यायच्या वर एम्बीबीएसवाला. मंग दाताचा. मंग काढेवाला. मंग साबुदान्याच्या गोळ्यायचा. अन् पार गावकुसाच्या बाहेर, नाल्यापलीकडं, ढोराचा डॉक्टर. अन् हे उतरंड मानाले आमची वस्ती सगळ्यायच्या पुढं, ज्यायले उतरंड म्हंजे काय हे हाडात ठाऊक हाय.

पन सहदेव या सल्ल्यायनं नव्हता बिघडला. त्याले बिघडवलं गोपाळ पाटलानं. हा आमचा माजी सरपंच. पानठेल्यावर चार लोकायच्या देखत तोंडात सुपारी फिरवत म्हने, "सहदेवराव, पोट्टी ढोरायची डॉक्टर होऊन राह्यली म्हन्तात. चाला, बेस झालं. तुमच्या आज्यानं दोर फेकला, पनतीनं उचलला. गावचं काम गावातच राह्यलं."

ज्याले हे समजत नसन त्याच्यासाठी सांगते. मेलेलं ढोर ओढून न्याचं काम आमच्या लोकायच्या माथी मारलेलं होतं. धम्म घेतला त्या साली आमच्या आज्यानं याच गोपाळ पाटलाच्या आज्याच्या गोठ्यात, मेलेल्या बैलापाशी, दोर फेकला अन् घरी आला. गावानं वस्तीचं पानी बंद केलं, काम बंद केलं. बैल तिथंच फुगला, फुटला, पन आमच्यातलं कोनी गेलं नाही. हे सहदेव दर जयंतीले सांगते. दर साली बैल थोडा मोठा होते, पन गोष्ट खरी हाय.

"त्या गोपाळ्याच्या बोलन्यापायी पोरीचं नशीब फोडतं काय?" म्या इचारलं.

सहदेवनं ताट खाली ठेवलं. आवाज भाषनाचा नव्हता. म्हने, "बाई, त्याचं सोड. म्या त्या कॉलेजचा व्हिडिओ पाह्यला. पोट्टेपोट्ट्या मेलेलं ढोर फाडून राह्यले. पाह्यला अन् मले आजा दिसला. ज्या वासातून तो आम्हाले बाहेर घेऊन आला, त्याच वासात म्या माही लेक धाडू काय? मले लाज वाटते. भ्यावबी वाटते. उद्या ती गावात आली अन् कोनी तसंच बोललं, तं मी काय तोंड देऊ?"

खरं सांगते, तेव्हा मले त्याची दया आली. पन मी दया दाखवनारी बाई नाही.

शीला म्हने, "बाबा, तुमच्या आज्याच्या हाती दोर दुसऱ्यायनं देला होता. त्याले कोनी इचारलं नव्हतं. मले कोनी देला नाही. मी परीक्षा देऊन, नंबर लावून जाऊन राह्यली. हे एकच कसं होते?"

"ज्याले बोलाचं त्याले एकच दिसते."

"मंग त्याच्या डोळ्यायचा इलाज करा, माही सीट काऊन घालवता?"

सहदेवनं खिशातली किल्ली चाचपली. पन उठला नाही.

तेवढ्यात गोपाळ पाटलाचा सालदार, देवानंद, छत्री घेऊन अंगनात आला. पाटलाची जर्सी गाय रात्री मेली होती. विम्याची गाय, कानात बिल्ला. ढोरायच्या दवाखान्याचे डॉक्टर आले होते, आता फाडून पाहानार, कायनं मेली ते लिहून देनार, तेव्हाच विमा.

"दोन मानसं धाडा म्हने पाटील. धराउचलाले," देवानंद खाली पाहात म्हने. त्यालेबी कळत होतं आपन काय मांगून राह्यलो ते.

सहदेव पेटीवर ताठ झाला. "पाटलाले सांग, आमच्या इथची मानसं ते काम करत नाही. बंद झालं, तुह्या जल्माच्या आधी."

"बरं. मंग तुम्ही तं या. डॉक्टर म्हन्तात पंच पाह्यजे, पंचनामा लिवनारा. गावात दुसऱ्या कोनाचं अक्षर वाचता येत नाही."

आता पाहा मजा. बायको उठवून थकली, पोट्टी उठवून थकली, मी आली वडनेरहून. अन् पंच म्हनताच हा मानूस पेटीवरून उठला, इस्त्रीचा शर्ट मांगला, खिशाले पेन लावला. पन किल्ली घेऊनच गेला बरं. शीलानं माह्याकडं पाह्यलं, म्या तिच्याकडं, अन् आम्ही दोघी त्याच्या मांगं निघालो. मनात म्हनलं, याले आता एकटा सोडाचा नाही.

नाल्याच्या काठी पाटलाच्या ट्रॅक्टरनं गाय ओढून आनली होती. बाजूले सोयाबीन शेंगायनं भरलेलं अन् पानी रिपरिप चालूच. अर्ध गाव नाकाले रुमाल लावून उभं होतं. नाक झाकाले तयार, पन घरी जाले कोनी तयार नव्हतं. डॉक्टर म्हंजे आल्हाद जोशी, मेहकरकडच्या जोशी मास्तराचा पोरगा. रबरी बूट, लांब हातमोजे, एप्रन. हाती सुरी घेऊन म्हने, "मागचा पाय कुणीतरी वर धरा. पाय धरल्याशिवाय मला आत जाता येणार नाही."

सारे आभाळाकडं पाहू लागले. देवानंद म्हने, "मी दूध काढनारा मानूस हो साहेब, माह्याच्यानं हे होनार नाही." अन् ट्रॅक्टरमांगं गेला. पाटलानं वस्तीच्या लोकायकडं पाह्यलं. वस्तीच्या लोकायनं पाटलाकडं पाह्यलं. कोनी हाललं नाही.

"पाटील, गाय कुणाची?" डॉक्टरनं इचारलं.

"माही."

"मग पाय तुम्ही धरा. मला पुढं अजून दोन गावं आहेत."

"मी?"

"विमा तुम्हालाच हवाय ना?"

अन् काय सांगू, गोपाळ पाटलानं धोतराचा काष्टा आवरला, चिखलात गुडघे टेकले अन् दोन्ही हातायनं गायीचा पाय धरला. ज्या घरच्या मानसायनं कधी मेल्या ढोराची सावली अंगावर घेतली नाही, त्या घरचा मानूस. चेहरा असा का आत्ता वकते. रुमाल घ्यावा तं हात मोकळा नाही. डॉक्टर सावकाश काम करत होते अन् मधामधात म्हनत होते, "थोडा वर. अजून वर. सोडू नका."

शीला हळूहळू पुढं गेली. नाकाले काही नव्हतं लावलं. म्हने, "सर, हा पोटाचा कोनता कप्पा?"

डॉक्टरनं मान वर केली. "तू कोण?"

"सहदेव कारकुनाची मुलगी. नागपूरले सीट लागली सर, बीव्हीएस्सीले. उद्या रिपोर्टिंग हाय."

डॉक्टरचा चेहरा असा खुलला जसा परगावी आपल्या गावचा मानूस भेटला. "मग तिथं काय उभी राहिलीस? अलीकडं ये. हे पहिलं पोट. जनावर गिळतं ते आधी यात येतं." मंग हसून म्हने, "माझ्या आईनं पहिलं वर्षभर मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. आजही सोयऱ्यांना नुसतं डॉक्टर म्हणून सांगते, कशाचा ते सांगत नाही."

त्यायनं ते पोट उघडलं. आतून कॅरीबॅगायचा एवढा मोठा गोळा निघाला. निळ्या, पांढऱ्या, एक तं पाटलाच्याच किराना दुकानाची, नावासकट. याच पाटलानं सरपंच असताना प्लॅस्टिकमुक्त गावाची पाटी वेशीवर लावली होती. लोकं रुमालाच्या आडून हसाले लागले. म्या रुमाल नव्हता आनला, म्हनून तशीच हसली.

काम झालं. पाटलानं पाय सोडला, उभा राह्यला. कोपरापर्यंत हात भरलेले, गुडघे चिखलानं काळे. समोरून त्याच्या घरून चहा आला. डॉक्टरनं मोजे काढले, हात धुतले, त्यायले खुर्ची, कपबशी अन् "घ्या न साहेब". हा डॉक्टर आत्तापर्यंत कोपरापर्यंत गायीत होता, पन त्याले कोनी दोराचं बोललं नाही. सहदेव कागद मांडीवर घेऊन हे सारं पाहून राह्यला होता. कागद अजून कोराच होता.

पाटलाले आता कुठंतरी आपली पत सावराची होती. मोठ्यानं म्हने, "सहदेवराव, पाहून घेतलं न? तुमच्या पोट्टीले काय कराव लागन ते?"

मले वाटलं, आता हा उठते अन् पोरीचा हात धरून घरी नेते, अन् संपलं सारं.

सहदेवनं पाटलाच्या हातायकडं पाह्यलं. घाई न करता पाह्यलं.

"पाह्यलं पाटील," तो म्हने. "डॉक्टरले सुरी धरा लागते. पाय मालकाले धरा लागते. हे मले ठाऊक नव्हतं."

खिशातून किल्ली काढली अन् शीलाकडं फेकली. "जाय. कागद काढ. चारची गाडी चुकू नको देऊ, मी ठेसनावर येतोच तुह्यासंगं."

पोट्टी चिखलातून जी पळाली, एक चप्पल तिथंच राह्यली. ती चप्पल मी उचलली. डोळे भरले होते माहे, लपवत नाही.

म्या सहदेवले म्हनलं, "चाल न आता."

"थांब बाई. हातचं काम पुरं करू दे."

मंग त्यानं पंचनामा लिवाले घेतला. कारकुनाची नोकरी काय कामाची असते ते म्या त्या दिवशी पाह्यलं. मोत्यासारखं अक्षर, ओळ सरळ. लिवून झालं अन् उभा राहून, जयंतीच्या आवाजात, साऱ्यायले ऐकू जाईन असं वाचलं. गायीचा रंग वाचला, बिल्ला वाचला, पोटातल्या पिशव्या वाचल्या. अन् शेवटी वाचलं, "सदर मृत गायीचा मागील पाय, शवविच्छेदन पूर्ण होईपर्यंत, मालक श्री. गोपाळ पाटील यांनी आम्हा पंचांसमक्ष स्वतःच्या दोन्ही हातांनी धरून ठेवला होता."

पाटील लाल झाला. "हे लिवाची काय गरज?"

"पंचानं जे पाह्यलं ते लिवाव लागते, पाटील. खोटं असन तं सांगा, खोडतो."

पाटलानं डॉक्टरकडं पाह्यलं. डॉक्टर चहाच्या कपात पाहून राह्यले होते. म्हने, "माझी हरकत नाही. खरंच आहे ते."

विम्याचा कागद होता. सही नाही तं विमा नाही. पाटलानं हात धुवाले पानी मांगितलं, देवानंदनं तांब्या आनला. पाटलानं हात धुतले, धोतराले पुसले, अन् सहदेवच्याच पेनानं, सहदेवनं बोट ठेवलं तिथं, सही केली.