चौकशीचा फोन

जाम गावच्या चौकाजवळ नवीन गोदाम सुरू झालं आहे, तिथे स्टोअरकीपर हवा होता. मी गेलो. मुलाखत काजल नावाच्या मुलीने घेतली, माझ्या मुलीच्या, मयुरीच्याच वयाची. सगळं बरं झालं. शेवटी ती म्हणाली, "काका, तुमचं काम जवळून पाहिलेल्या दोन माणसांची नावं आणि नंबर द्या. आम्ही फोन करून विचारतो. दोघांशी बोलणं झाल्याशिवाय आम्हाला पक्कं करता येत नाही."

माझी सगळी नोकरी देवळीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. गेल्या वर्षी मालकाने जिनिंग विकली. म्हणून मी तिथले आमचे मॅनेजर प्रभाकरराव आणि अकाउंटंट भूपेंद्र, या दोघांचे नंबर दिले. त्यांना सांगितलं मात्र नाही. माझी बायको सुलोचना दिवाळीनंतर गेली, तेव्हा दोघंही सिंदी मेघेला घरी येऊन गेले होते. त्यानंतर मी कोणालाच फोन केला नव्हता. आता पहिला फोन करायचा तो काम सांगायला, हे मला बरं वाटेना.

ही नोकरी मला पगारापेक्षा दुपारसाठी हवी होती. सकाळ धुण्याभांड्यात निघते. संध्याकाळी पुण्याहून मयुरीचा फोन येतो. दुपारी मात्र जेवायला बसलो की माझ्याच चावण्याचा आवाज मला ऐकू येतो.

दोन दिवसांनी प्रभाकररावांचा फोन आला.

"काऊन बे हेमराज, आपल्या माणसाले कोणी असं अंधारात ठेवते काय?"

"काय झालं जी?"

"पोरीवाल्याइचा फोन आलता ना! तू दुसरं लग्न करून राह्यला अन् मले पत्ता नाई!"

मला गोंधळ लक्षात आला. जिनिंग विकल्यापासून प्रभाकररावांना वेळ भरपूर. देवळीत कोणाच्याही घरची सोयरीक असो, चौकशीचा फोन त्यांनाच जातो. मुलगा कसा आहे, पितो का, घरचे कसे आहेत. काजल 'जामवरून बोलते, हेमराजजींची थोडी चौकशी करायची होती' एवढं म्हणाली असेल, अन् यांनी तिला पुढे बोलूच दिलं नसेल.

"काय काय विचारलं तिनं?"

"स्वभाव विचारला. म्हणलं, गाय आहे. मंग विचारते, आधीचं काऊन सोडलं? म्हणलं, यानं नाई सोडलं वो बाई, तेच बिचारी याले सोडून गेली."

"अरे बापरे."

"ऐक ना. मंग म्हणे, लोकाइसोबत जमते काय त्याइचं? म्हणलं, सासऱ्याचे पाय दाबणारा माणूस आहे. मंग म्हणे, काही कमीपणा? म्हणलं, एकच. पहिलीचं नाव घेतल्याबिगर त्याचा घास उतरत नाई. तेवढं पोरीनं सांभाळून घ्यावं."

"अन् ते काय म्हणली?"

"म्हणे, काका, जरा ऐका तं. आवाज लय कवळा वाटला म्हणून म्या वय विचारलं. म्हणे सव्वीस. म्हणलं, बाई, तुह्या बापाच्या वयाचा आहे तो, घरी पुन्हा एकदा विचार करजो!"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मग ते माझ्यावरच उखडले. "माहा नंबर देतं अन् मले सांगत नाई? माणसानं काय म्हणून बोलावं मंग? ये इकडं आत्ता. तुह्यासमोरच लावतो तिले फोन."

निघायच्या आधी मी भूपेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं दादा सांगतलं. अनोळखी नंबर मी उचलतच नाई. सकाळपासून दोन मिस कॉल पडून आहेत. हे पाहा, लावतोच."

देवळीला पोचलो तेव्हा प्रभाकरराव ओसरीवर फोन हातात धरूनच बसले होते. त्यांच्या सुनेने, रीताने, माझ्यासमोर चहा ठेवला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, मी देवळीवाला. मघा गफलत झाली. आता कामाचं विचारा."

काजल हसली. "कळलं होतं काका मला, पण तुम्ही थांबतच नव्हता. बाकीचं राहू द्या, कमीपणा तेवढा पुन्हा सांगा."

प्रभाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. "हिशेब जुळला नाई तं हा घरी जात नाई. एकदा सीझनमधी कापसाच्या चार गठाणी कमी भरून राह्यल्या होत्या. रविवार, सारे घरी, अन् हा शेडमधी मोजत बसला. याची बायको डबा घेऊन आली अन् आधी माह्या घरी येऊन मलेच झाडलं. म्हणे, साहेब, तुमच्या गठाणीले सांगा, माह्या माणसाले सोडा."

हे मला माहीत नव्हतं. डबा आठवतो, गवारीची भाजी होती. ती त्यांच्या घरी जाऊन आली हे तिने कधीच सांगितलं नाही.

"मग?" काजलने विचारलं.

"मंग काय, म्या हात जोडले. सापडल्या गठाणी, बाजूच्या शेडमधी होत्या. पण बाई, याले 'आता बस झालं' म्हणणारं कोणी लागते. ते तेवढं तुम्ही म्हणत जा."

"म्हणेन," काजल म्हणाली. "भूपेंद्रजींशीही बोलणं झालं माझं. सोमवारी नऊला पाठवा त्यांना. दोन फोटो अन् बँकेचं पासबुक आणायला सांगा."

प्रभाकररावांनी फोन मांडीवर ठेवला अन् माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "लागली बे! आता डबा कोण करून देईन तुले?"

"मीच."

"काय येते?"

"खिचडी."

"फोडणीची?"

"साधी."

"काका," मांडीवरून काजलचा आवाज आला, फोन बंदच केला नव्हता. "आम्ही सगळे एकत्र बसून डबे उघडतो. साधी खिचडी कोणी खाणार नाही हं."

मी आत गेलो अन् फोडणी कशी देतात ते रीताला विचारलं. ती म्हणाली, मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं, तुम्ही पुरुष माणसं थांबत नाही. घरी येऊन पहिलीच फोडणी जळली. सोमवारपर्यंत सरावाला वेळ होता.