ओढा ओलांडायचा नियम

"'लगतच्या घरात' म्हणजे कोणाच्या लगतच्या?" कर्टिसने खेळाच्या नियमावर बोट ठेवून, चष्मा नाकावर सरकवत विचारलं. "शत्रूच्या, माझ्या, की तुझ्या बायकोच्या?"

"पुलाच्या," मर्ल म्हणाला. "शेंबड्या पोरालाही कळेल."

"मला नाही कळलं."

"तुला तीस वर्षांत काय कळलंय म्हणा!"

स्वयंपाकघरातून ट्वायलाचं हसणं ऐकू आलं. तिच्या जेवणाच्या टेबलावर दर शनिवारी नकाशा पसरायचा, त्यावर निळ्या आणि राखाडी सोंगट्या चढायच्या आणि नवरा मर्ल आणि गावचा न्हावी कर्टिस सबंध दुपारभर भांडायचे. आज मात्र भांडणाला कारण होतं. ओहायोतल्या एका लहानशा प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला होता. मर्लचा खेळ त्यांना पुन्हा छापायचा होता. "फक्त नियम एकदा नीट करून द्या," त्या म्हणाल्या होत्या. "लोक जिथे अडतात तिथे स्पष्ट करा, चुकलं असेल तिथे बदला."

मर्ल स्टॉटलमायर आमच्या शार्प्सबर्गात शाळेची बस चालवायचा. सकाळी मुलं उतरवली की शाळा सुटेपर्यंत तो बसमध्येच बसे. स्टीअरिंगवर पुठ्ठा टेकवून, षटकोनी घरं आखून त्याने हा खेळ बनवला. यादवी युद्धातली आपल्याच गावाबाहेरची लढाई. उत्तरेची निळी फौज अँटिटमच्या ओढ्यावरचा अरुंद दगडी पूल घ्यायला दुपारपर्यंत झगडत राहिली आणि पलीकडच्या टेकडीवरून दक्षिणेच्या राखाडी फौजेचे थोडेसे बंदूकवाले तिला टिपत राहिले, तीच ती लढाई. खेळ छापून आला, थोडा खपला, उरलेले डबे गॅरेजात गेले. गावात तो मनापासून खेळणारा एकटा कर्टिस शँक. तो नेहमी निळ्या बाजूने खेळे आणि बहुतेक वेळा पुलावरच मार खाई.

"आता नववा नियम," कर्टिस म्हणाला आणि ट्वायलाने आतूनच सुस्कारा सोडला. नववा नियम आला की कॉफी गार होते, हे तिला पाठ होतं.

"'ओढा फक्त पुलावरून किंवा नकाशावर दाखवलेल्या उथळ जागेवरूनच ओलांडता येतो.' मर्ल, मी त्या ओढ्यात पोहायला शिकलोय. कमरेएवढं पाणी! माणूस चालत जातो."

"तू चड्डीवर गेलास. सैनिक बंदूक, ओझं घेऊन जाणार. आणि सगळेच पाण्यातून जायला लागले, तर पुलावर मरायला कोण थांबेल? खेळच संपला."

"म्हणजे तुझा खेळ वाचावा म्हणून माझी माणसं मरतात!"

"तुझी माणसं पुठ्ठ्याची आहेत, कर्टिस."

कर्टिसने पुलावरची एक निळी सोंगटी उचलून मुठीत धरली आणि म्हणाला, "ठरलं. उद्या ओढ्यावर. मी ओझं घेऊन पाण्यातून जातो. गेलो, तर नियम बदलायचा."

"लढाई सप्टेंबरात झाली होती," मर्ल म्हणाला. "पाणी त्याच महिन्याचं हवं."

"अरे, सप्टेंबरच चालू आहे, बस ड्रायव्हर!" आतून ट्वायला ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पुलाच्या थोडं खाली, काठावर उभे राहिले. बंदूक म्हणून ट्वायलाचा झाडू होता, पाठीवरचं ओझं म्हणून बटाट्याचं पोतं. काडतुसांचा प्रश्न मर्लने काढला.

"सैनिकाची काडतुसं कमरेच्या पेटीत असायची. ती भिजली की बंदूक म्हणजे काठी."

ट्वायलाने खारी बिस्किटं एका कापडी पिशवीत घातली आणि कर्टिसच्या कमरेला बांधली. "ही तुझी बंदुकीची दारू. आणि बटाटे सांडू नकोस, आजच्या जेवणाचे आहेत."

कर्टिस पाण्यात उतरला. झाडू डोक्यावर धरून, फुं फुं करत, शेवाळलेल्या दगडांवर पाय चाचपत तो पुढे सरकला. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला.

"गोळ्या सुटताहेत रे वरून!" मर्ल काठावरून ओरडला. "पळ!"

"तू पळून दाखव, राखाडी कुत्र्या!"

एवढ्यात रणभूमीवरच्या उद्यानाची एक तरुण रखवालदार टोपी सावरत खाली आली. "काका, सगळं ठीक आहे ना? त्यांच्या पाठीवर काय आहे?"

"बटाटे," ट्वायला म्हणाली. "नियम दुरुस्त करताहेत."

त्या मुलीला काही उमगेना. पण ती तिथेच उभी राहिली.

मध्यावर कर्टिसचा पाय घसरला. तो पडला नाही, पण छातीभर पाण्यात खाली बसला आणि त्याला उठता येईना. पोतं त्याला मागे ओढत होतं. मर्ल बूट न काढताच पाण्यात शिरला. त्याने कर्टिसला काखेत धरून उभं केलं. दोघंही धापा टाकत होते.

"परत फिरू या," मर्ल म्हणाला.

"अजिबात नाही. पोतं तू घे."

मर्लने पोतं खांद्यावर टाकलं आणि ते दोघे म्हातारे एकमेकांच्या दंडाला धरून पलीकडच्या काठावर चढले. रखवालदार मुलीने टाळ्या वाजवल्या. कर्टिसने झाडू उंचावून सलामी दिली.

"गेलो की नाही?"

"गेलास," मर्ल म्हणाला. "आता पिशवी उघड."

बिस्किटांचा लगदा झाला होता. कर्टिसने त्यात बोट घातलं आणि तो हसत सुटला. मग मर्लही. दोघं गवतात बसून पोट धरधरून हसत होते आणि अलीकडून ट्वायला ओरडत होती, "पुलावरून या आता! मेल्यांनो, पुलावरून या!"

कोरडे कपडे घालून ते टेबलाशी बसले. कर्टिसने मर्लचा शर्ट घातला होता, तो त्याच्या पोटावर बसत नव्हता. मर्लने लिहिलं आणि वाचलं: "'तुकडीला ओढा कुठूनही ओलांडता येईल. ओलांडल्यावर तिला गोळीबार करता येणार नाही.'"

"कधीच नाही?" बटाटे सोलता सोलता ट्वायलाने विचारलं. "युद्ध संपेपर्यंत बिचारे नुसतेच उभे?"

"'त्या फेरीत' घाल," कर्टिस म्हणाला.

"'त्या आणि पुढच्या फेरीत,'" मर्ल म्हणाला. "दारू वाळायला वेळ लागतो."

"बिस्किटं पाहिलीस ना? कबूल."

"आणि पाण्यात असताना हल्ला झाला तर?"

यावर पुन्हा भांडण झालं. शेवटी पाण्यातल्या तुकडीची ताकद अर्धी धरायचं ठरलं. मग ते लगेच खेळून पाहायला बसले. कर्टिसने काही निळ्या तुकड्या पुलासमोर ठेवल्या आणि बाकीच्या गुपचूप खाली नेऊन पाण्यात उतरवल्या. मर्लला त्या दिसत होत्या, पण पूल सोडता येत नव्हता. त्याला तर घाम फुटला. स्वतःच्या खेळात त्याला असा घाम कधी फुटला नव्हता. खेळ मोडला नव्हता, उलट पुलावरची झुंज आणखी अवघड झाली होती. मर्ल प्रत्येक चालीला "हात् तिच्या!" म्हणत होता आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

शेवटचा फासा पडला. टेकडी निळी झाली.

जेवायला ट्वायलाची बहीण सहकुटुंब येणार होती. "टेबल रिकामं करा," ट्वायला म्हणाली. मर्लने पटावर एकदा नजर टाकली. "आज आपण बाहेर ओट्यावर जेवू," तो म्हणाला. ट्वायलाने त्याच्याकडे पाहिलं आणि ताटल्या बाहेर नेल्या.

मांडीवर ताटल्या घेऊन सगळे पायऱ्यांवर बसले होते, तेव्हा ओहायोच्या बाईंचा फोन आला. मर्लने नवा नियम वाचून दाखवला. त्यांना तो फार आवडला.

"याला स्पष्टीकरण म्हणू या का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मूळ नियमाचा अर्थ पहिल्यापासून हाच होता, असं वाटेल. तुमची चूक दिसणार नाही."

मर्लने मक्याचं कणीस ताटलीत ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "दुरुस्ती म्हणा. मी चुकलो होतो. ओढा माझ्या घराजवळ होता आणि मी कधी पाण्यात उतरलो नव्हतो."

फोन ठेवून त्याने शेजारी पाहिलं. कर्टिस मीठ आणायला आत गेला होता, तो अजून आला नव्हता. मर्लने जाळीच्या दारातून डोकावलं. आखूड शर्ट घातलेला कर्टिस टेबलापाशी उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून, टेकडीवरच्या आपल्या माणसांकडे पाहत.

मर्लने त्याला हाक मारली नाही. तो अळणी कणीसच खात बसला.