पखवाजाची भरपाई

घरात असो, कचेरीत असो, की देवळात, वस्तू मोडली की माणसं आधी विचारतात, "कुणी मोडली?" तिसगावच्या मारुतीच्या देवळात त्या संध्याकाळी भजनी मंडळ जमलं होतं, पण हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. उत्तर साऱ्या गावाला ठाऊक होतं. विमानानं मोडली!

मधोमध घोंगडीवर मंडळाचा पखवाज पडला होता. त्याचं लाकडी खोड उजव्या तोंडापासून पार मधल्या फुगीपर्यंत तडकलं होतं. डाव्या तोंडाची कातडी पुडी फाटून भोकसा पडला होता. गावानं जोंधळा गोळा करून, तो विकून घेतलेला हा पखवाज. गावात तो एकच.

झालं होतं असं. एकाहत्तर सालच्या गणपतीत दिल्लीतल्या मराठी मंडळींनी तिसगावचं भजन बोलावलं होतं. भजन छान रंगलं, पण परतीच्या वेळी सहादेवबुवांना सणकून ताप भरला. बुवा म्हातारे, आणि त्यातून पुरामुळे रेल्वेगाड्या रखडलेल्या. दिल्लीकरांनी वर्गणी काढली आणि बुवांना व सोबत पखवाजी गोरक्षनाथाला मुंबईपर्यंत विमानाची तिकिटं काढून दिली. पखवाज मांडीवर घेऊन बसतो, असं गोरक्षनाथ पुन्हा पुन्हा सांगत होता. विमान कंपनीच्या माणसानं ऐकलं नाही. "काळजी करू नका, आम्ही सांभाळून नेऊ," असं म्हणून त्यानं पखवाज सामानात घातला. मुंबईला गलेफ चाचपून पाहिला, तर खोडाला तडा! तिथल्या कारकुनानं तक्रार लिहून घेतली होती, आणि आज कंपनीचा निरोप आला होता, वस्तू घेऊन मुंबईच्या कचेरीत या.

"गोरक्ष, मी येतो तुझ्यासंगं," सोसायटीचे चेअरमन काकासाहेब मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "तुला सायबाफुडं बोलता येनार न्हाई. आन हे बघ, नुसता पखवाज कशाला? पेटीचा भाता फाटला, चार टाळ चेपले, असं बी सांगू. कंपनीला काय तोटा हाय?"

झांज वाजवणारा पुंजाराम चेष्टेखोर. तो म्हणाला, "मग आपल्या देवळाचा कळस बी इमानात हुता म्हना की काकासाहेब! खाली येताना वाकला!"

सगळे खो खो हसले. काकासाहेबही हसले. गोरक्षनाथ तेवढा हसला नाही. तो घोंगडीची दशी ओढत खाली मान घालून बसला होता. पुंजाराम म्हणाला, "बिचाऱ्याच्या जिवाला लई लागलंय." ते ऐकून तर गोरक्षनाथाची मान आणखीच खाली गेली.

घरी आत्या चुलीपुढं होती. बनुबाई तिचं नाव. आईमागं तिनंच गोरक्षनाथाला वाढवलं होतं. पखवाजाच्या डाव्या पुडीला भजनाआधी ओली कणीक लावतात, म्हणजे आवाज भरदार घुमतो. ती कणीक बनुबाई स्वतः मळून द्यायची. भजन संपलं की ती खरवडून काढायची, पुडी पुसायची आणि कणीक गाईच्या तोंडात घालायची, हा या घराचा नेम होता. देवापुढं वाजलेलं अन्न उकिरड्यावर जाऊ नये, असं आत्याचं म्हणणं.

"आज भजन न्हाई, तर गाय दावणीला वाट बघतीय बग," आत्या हसत म्हणाली. मग सहज तिनं विचारलं, "आन व्हय रं, दिल्लीत कणीक कुनाला घातलीस? तितं कुटली आली गाय?"

गोरक्षनाथाच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"गोरक्ष?"

 आत्यानं फुंकणी खाली ठेवली आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. वाढवलेल्या लेकराचं मौन कळायला माणसाला शाळा शिकावी लागत नाही.

"काढली न्हाईस व्हय?"

"न्हाई आत्ये," तो पुटपुटला. "बुवांचा ताप वाढला, मोटार दारात हुबी. तसाच गलेफात घातला. वाटलं, मुंबईत काढू. मुंबईत बुवांच्या लेकीकडं आठवडाभर ऱ्हायलो. पखवाज बाजंखाली सरकवला आन इसरून गेलो. निघायच्या दिवशी गलेफ काढला तर... उंदरानं कणकेबरोबर पुडी बी कुरतडलेली."

"मग गावात इमानाचं नाव सांगितलंस?"

"दातांच्या खुणा दिसत हुत्या. त्या मी चाकूनं कापून टाकल्या, आन कंपनीच्या तक्रारीत पुडी बी लिवली."

 चुलीतलं लाकूड आत्यानं उगीच मागंपुढं केलं. पुडी फाटली त्याचं तिला वाईट वाटलं असेल, पण चाकूचं ऐकून तिचा चेहरा उतरला. ते पाहून गोरक्षनाथाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"खोड कुनी फोडलं?" शेवटी तिनं विचारलं.

"त्यांनीच. आईशप्पत."

"मग त्याची भरपाई मागायला लाजू नगंस. कंपनी मोठी आसंल, सायब इंग्रजी बोलत आसंल, पन मोडलं तर भरून दिलंच पायजे. त्यासाठी येकदा न्हाई, धा येळा मुंबईला जा. पन गोरक्ष, समज आपल्या बांधावरचं झाड शेजाऱ्यानं तोडलं. त्याच्या दारात जाऊन भांडावं का न्हाई?"

"भांडावं."

"आन आपन तोडलेल्या फांद्या बी रातोरात त्याच्या आंगनात टाकल्या, तर? मग भांडायला त्वांड ऱ्हाईल का? तो म्हनंल, ही फांदी मी तोडली न्हाई, म्हंजे झाड बी मी तोडलं न्हाई! तुजं खरं हुतं, ते बी गेलं."

"पन आत्ये, एवढ्या मोठ्या कंपनीचं काय नुसकान हुनार हाय? कुनाचं काय जातंय?"

"जातं बाबा, कुनाचं तरी जातंच. नुसकान काय हवंत लोंबत ऱ्हात न्हाई. कुनाच्या तरी डोक्यावर जाऊन पडतं. आपल्याला ते डोकं दिसत न्हाई, येवढंच."

"मी आता गावाला काय सांगू? कोनत्या तोंडानं?"

"ते मी न्हाई सांगनार," ती उठत म्हणाली. "कणीक मी मळून देती. पुसायचं काम तुजं हुतं."

मुंबईच्या कचेरीत पंखे गरगरत होते. काकासाहेब फेटा बांधून, छाती काढून खुर्चीवर बसले. गोरक्षनाथ पखवाज मांडीवर घेऊन कडेला बसला. समोरचे साहेब मराठीच निघाले. वागायला सभ्य, पण नजर बारीक. त्यांनी पखवाज टेबलावर घेतला, तडा पाहिला, मग डावं तोंड फिरवून पुडीवरून बोट फिरवलं.

"ही पुडी पडून फाटली?"

"व्हय साहेब!" काकासाहेबांनी सुरुवात केली. "आन नुसती पुडी न्हाई. आमच्या पेटीचा भाता..."

"फाटलेल्या कातड्याची कड अशी सरळ नसते," साहेब शांतपणे म्हणाले. "हे कापलेलं दिसतंय." त्यांनी पखवाज बाजूला सारला. "हे पाहा, माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. कुणाच्या फुटलेल्या पेटीत अचानक दागिने निघतात, कुणाच्या फाटक्या वळकटीत रेशमी कपडे. आमचा एक हमाल आहे. पखवाज हातातून निसटला, हे त्यानं आपण होऊन कबूल केलं. लाकडाचा आवाज झाला तो ऐकला, म्हणतो, पण कातडं फाटलं नव्हतं. इथं कुणी त्याचं ऐकलं नाही. तुमची सगळी तक्रार त्याच्याच माथी बसली आहे. त्याचा पगार अडकलाय. आता मला सांगा, मी तुमचं कशाला खरं मानू? सगळीच तक्रार का फेटाळू नये?"

काकासाहेबांची छाती एकदम बसली. ते फेट्याचा शेमला चाचपू लागले.

गोरक्षनाथाची कानशिलं तापली. आत्या म्हणाली होती, आपल्याला ते डोकं दिसत नाही. आता ते दिसू लागलं! कोण कुठला हमाल. त्याच्या हातून चूक झाली आणि त्यानं ती बोलून दाखवली. आपल्या हातून झाली, ती आपण चाकूनं कापून टाकली! देवापुढं बसून ताल धरणारे हेच का आपले हात?

तो उठून उभा राहिला. 

"साहेब, पुडी उंदरानं कुरतडली," तो म्हणाला. "मुंबईत, पाव्हण्यांच्या खोलीत. मी कणीक काढायला इसरलो हुतो. खुणा दिसू नयेत म्हनून मीच चाकू लावला. ती चूक माजी. पेटीला काय झालं न्हाई, टाळांना बी न्हाई."

"गोरक्ष!" काकासाहेब दबक्या आवाजात ओरडले.

"बोलू द्या काकासाहेब." आणि काय नवल! आतापर्यंत खाली असलेली त्याची मान आपोआप वर झाली. "पुडीचं मला कायबी नगं. त्या हमालाचा पगार सोडा. पन साहेब, खोड तुमच्याकडं फुटलं. मी मांडीवर घेतो म्हनत हुतो, तुमच्या मानसानं घेऊ दिला न्हाई. सांभाळून नेऊ म्हनाला. त्या खोडाची भरपाई आमाला मिळालीच पायजे. ती घेतल्याबिगर मी हितनं हलनार न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नियमाप्रमाणे सामानाच्या वजनावर भरपाई मिळते," ते म्हणाले. "त्यात खोडाच्या किमतीचा चतकोरही येणार नाही."

"वजनावर गूळ इकत्यात साहेब, पखवाज न्हाई. वाजत नसंल तर त्याचं वजन घेऊन मी काय करू?"

साहेबांना हसू आवरेना. बराच वेळ बोलणं झालं. साहेब आत जाऊन वरिष्ठांना भेटून आले. शेवटी त्यांनी सांगितलं, नव्या खोडाची पूर्ण किंमत कंपनी देईल, आणि हमालाला पुडीसाठी जबाबदार धरलं जाणार नाही. गोरक्षनाथाला निरोप देताना ते म्हणाले, "तुम्ही खरं बोलला नसता, तर आज तडासुद्धा मी खोटा मानला असता."

परतीच्या एसटीत काकासाहेब नगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. गोरक्षनाथाला मात्र पुढचा घाट दिसत होता. साहेबापुढं बोलणं सोपं होतं. साहेब पुन्हा कुठं भेटणार? गाव रोज भेटतं!

शनिवारी देवळात सगळे जमले. सहादेवबुवाही आता बरे होऊन आले होते. भरपाई मिळाली हे ऐकून पुंजारामानं झांज वाजवली. गोरक्षनाथ उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. कणीक, उंदीर, चाकू. काही लपवलं नाही. सांगताना त्याची नजर फरशीवरून उठली नाही.



"म्हंजे ज्याला शिव्या घातल्या ते इमान येगळंच, आन पुडी फाडनारं खरं इमान म्हंजे उंदीर!" पुंजाराम म्हणाला. काहीजण हसले. ते हसू गोरक्षनाथाच्या काळजात सुईसारखं गेलं, पण तो खाली बसला नाही.

"पुडी मी माज्या पैशानं बसवून घेईन," तो म्हणाला. "तोवर पखवाजाला हात लावनार न्हाई. मंडळाला दुसरा पखवाजी बघायचा आसंल, तर बघा."

सहादेवबुवांनी त्याला जवळ बोलावलं. "माजा ताप हुता म्हनून तुजी घाई झाली," ते म्हणाले. "चूक सगळ्यांच्याच हातून व्हती रं. मला वाईट वाटतंय ते दुसऱ्याच गोष्टीचं. चूक सांगायची तुला आमची भीती वाटली. आमी तशी मानसं आसू, तर आमचं बी कायतरी चुकलंय."

तेवढ्यात मागून काकासाहेबांचा आवाज आला. नेहमीचा खणखणीतपणा त्यात नव्हता.

"बुवा, गोरक्षनं उंदीर लपवला. मी तर धडधाकट पेटीचा भाता फाडायला निघालो हुतो. तो साहेब माज्याकडं बघत हुता, तवा मला कळलं, तिसगावचा चेअरमन कसा दिसतो ते." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "मला माफ करा."

आता कुणी हसलं नाही. आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी असा एखादा भाता फाडलेला असतो, हे जणू सगळ्यांना एकदमच आठवलं.

बंधुभगिनींनो, नुकसान झालं तर भरपाई मागणं यात कसली लाज नाही. समोर मोठी कंपनी असो, मोठी कचेरी असो, आपला हक्क ठणकावून मागावा. गप्प बसणारा माणूस पुढच्या माणसाचंही नुकसान करतो. पण हक्काच्या मागणीत चिमूटभर खोटं मिसळलं, की ती मागणी हक्काची राहत नाही. वर त्या खोट्याचा भार कुणा तरी न दिसणाऱ्या गरिबाच्या डोक्यावर जातो, आणि उद्या जो खरा नाडलेला माणूस त्याच दारात उभा राहतो, त्याच्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून मागायचं ते सगळं मागा, एक पैसाही सोडू नका. आणि आपली चूक असेल ती आधी आपल्या तोंडानं सांगा. ती सांगताना मान खाली जाईल. जाऊ द्या! खोट्यानं खाली गेलेली मान वर येत नाही, पण खरं सांगताना खाली गेलेली मान पुन्हा वर येते.